स्पर्धेला पाठवावे की भिंतीवर लावावे?

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर) यात्रेत, गणपती मिरवणुकीच्या लेझीममध्ये आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवात मन लावून छायाचित्रे काढणाऱ्या सोलापूरच्या हौशी छायाचित्रकारापुढे वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न येतोच. साठलेल्या कामातील निवडक चित्रे सलोन स्पर्धांना, म्हणजे छायाचित्रण संस्थांच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांना, पाठवावीत, की तोच पैसा आणि तोच वेळ छापील प्रती करून प्रदर्शन भरवण्यात घालावा? दोन्ही करावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु नोकरी किंवा दुकान सांभाळून हा छंद जोपासणाऱ्याचे अंदाजपत्रक बहुधा एकाच बाजूला पुरते. मी दोन्हीकडे काही वर्षे घालवली आहेत आणि आता एका बाजूला स्थिरावलो आहे. तरीही दुसरी बाजू कमी प्रतीची आहे, असे मी म्हणणार नाही.

सलोन स्पर्धांच्या बाजूने बरेच काही सांगता येते. अमेरिकेतील पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) ही संस्था १९३४ पासून, फियाप हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५० पासून आणि आपल्याकडील फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून हौशी छायाचित्रकारांसाठी काम करत आहे. त्यांच्या मान्यतेने होणाऱ्या सलोनमध्ये चित्र स्वीकारले गेले, की ते ॲक्सेप्टन्स आपल्या खात्यावर जमा होते आणि पुढे फियापच्या एएफआयएपीसारख्या मानांकनाची वाट खुली होते. ज्याला पायऱ्या मोजत वर चढायला आवडते, त्याच्यासाठी ही चांगली सोय आहे. एका विभागात साधारणपणे चारच चित्रे पाठवता येत असल्यामुळे निवड करताना निर्दय व्हावे लागते, आणि हा गुण घरच्या संगणकासमोर बसून सहसा अंगी बाणत नाही.

फोटोजर्नालिझम विभागाच्या नियमांनीही मला बरेच शिकवले, हे मान्य केले पाहिजे. त्या विभागात चित्रात काही घालता येत नाही आणि चित्रातले काही पुसता येत नाही. कडा कापणे, धुळीचे डाग किंवा डिजिटल नॉइज काढणे, मूळ दृश्याचे रूप परत आणणे आणि रंगाचे चित्र पूर्णपणे कृष्णधवल करणे एवढीच मोकळीक असते. आपल्या शहराच्या जुन्या भागातून मिरवणूक जाताना डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे असते आणि समोर उंचावलेल्या मोबाइलचे रान असते. हे दोन्ही नंतर पुसता येणार नाही, हे एकदा ठाऊक झाले की माणूस आधीच जागा शोधतो, कोणाच्या तरी गच्चीची परवानगी काढतो किंवा गुडघ्यावर बसून आकाशाचा रिकामा तुकडा गाठतो.

स्थानिक मंडळे आणि संस्था भरवतात त्या स्पर्धांविषयी थोडक्यात एवढेच सांगेन की, बक्षिसाची रक्कम पाहण्याआधी हक्कांची अट वाचावी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार स्वतःच्या हौसेने काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार छायाचित्रकारच असतो आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. आलेली सर्व छायाचित्रे आयोजकांच्या मालकीची होतील, असे वाक्य ज्या प्रवेशपत्रात असते त्यावर मी सही करत नाही.

माझ्यापुरता निकाल लावला तो मात्र एका किरकोळ वाटणाऱ्या तांत्रिक अटीने. बहुतेक सलोन आता डिजिटल फाइल मागवतात आणि चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, तर उंची १०८० पिक्सेलपेक्षा अधिक नसावी, असे अनेक ठिकाणी बंधन असते. त्यामागचे कारण रास्त आहे, कारण परीक्षक ज्या पडद्यावर चित्रे पाहतात तोच तेवढा असतो. परंतु पडदा आडवा आहे आणि आपली यात्रा उभी आहे. सात नंदीध्वज (यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच सजवलेल्या काठ्या), त्यांच्यावरचा साज, बाशिंग, त्यांना पेलणारे बाराबंदीतील (बंदांच्या पांढऱ्या अंगरख्यातील) मानकरी आणि भाविक, हे सारे एका चौकटीत घ्यायचे तर कॅमेरा उभाच धरावा लागतो. आता हिशेब पाहा. दोनास तीन या प्रमाणातील आडवे चित्र या मर्यादेत १६२० बाय १०८० पिक्सेलचे होते. तेच उभे असेल तर ते ७२० बाय १०८० इतके आक्रसते, म्हणजे परीक्षकाला आडव्या चित्राच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रफळ दिसते. दोन्ही बाजूंना काळ्या रिकाम्या पट्ट्या आणि मध्ये अरुंद फीत, असे त्याचे रूप होते. नंदीध्वज पेलणाऱ्याचा चेहरा चित्राच्या उंचीचा तिसावा भाग असेल, तर त्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३६ पिक्सेल येतात. त्याच्या कपाळावरची शीर, डोळ्यांतील ताण, पांढऱ्या बाराबंदीच्या चुण्या आणि त्यांतील घाम हे सारे तिथे नाहीसे होते, आणि उरते ती एक सजवलेली काठी, जिचा अर्थ दूरदेशीच्या परीक्षकाला कळण्याचे काही कारण नाही.

आडवे क्रॉप करून पाहावे, तर शेंडा तरी जातो किंवा पाय तरी जातात. माझी नाकारली गेलेली चित्रे केवळ याच कारणाने नाकारली गेली, असा दावा मी करणार नाही. त्यांत इतर उणिवाही असतील. पण संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्याची (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाची) मला सर्वांत जमलेली चित्रे पुन्हा पुन्हा परत येत आणि त्याच रस्त्यावर सहज टिपलेली आडवी, चटकदार, फुगेवाल्याची चित्रे स्वीकारली जात, एवढे मी पाहिले. पुढे पुढे यात्रेतच कॅमेरा आडवा धरण्याची सवय लागू लागली. समोरच्या दृश्यापेक्षा परीक्षकाच्या पडद्याचा विचार आधी येऊ लागला, आणि ते मला पटेना.

प्रदर्शनात हा प्रश्नच येत नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. ती १२ बाय १८ इंचांच्या कागदावर उभी छापली, तर वर सांगितलेला चेहरा दीड सेंटिमीटरचा होतो आणि त्यातील भाव वाचता येतो. मॅट कागदच घ्यावा, कारण आपल्याकडच्या सभागृहांतील ट्यूबलाइटखाली चकचकीत कागदावर चित्रापेक्षा दिव्यांचीच रांग अधिक दिसते. काचेची फ्रेम टाळून सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फळीवर) माउंट केले, की खर्चही कमी होतो आणि ने-आणही सोपी होते.

त्याहून मोठा फरक पाहणाऱ्यांत आहे. सोलापूरच्या भिंतीवर नंदीध्वजाचे चित्र लावले, की पाहणारा तो काय आहे असे विचारत नाही. तो कितवा आहे यावर वाद घालतो. मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत शेजारी शेजारी चर्चा चालते. एखादी आजी चित्रातला मुलगा कोणत्या घरातला हे ओळखते, आणि यात्रेतील अडुसष्ट शिवलिंगांच्या प्रदक्षिणेचा मार्ग कुठे वळतो हे एखादे काका मला माझ्याच चित्रावर बोट ठेवून समजावतात. सलोनच्या निकालपत्रातील गुणांनी मला इतकी माहिती कधी दिली नाही.

प्रदर्शनाचे तोटेही आहेत. सभागृहाचे भाडे, छपाई, माउंटिंग आणि दिवसभर कोणीतरी बसून राहणे, हे सारे स्वतःलाच पाहावे लागते; त्यामुळे तीन-चार जणांनी मिळून समूह प्रदर्शन करणे शहाणपणाचे ठरते. येणारे बहुतेक ओळखीचे असल्याने सगळेच छान म्हणतात, आणि या कौतुकाने नजर बोथट होण्याचा धोका असतो. यावर मी काढलेला उपाय सलोनकडूनच घेतलेला आहे: एका विषयावर चारच चित्रे लावायची, पाचवे कितीही आवडले तरी घरी ठेवायचे.

तेव्हा ठरवताना आपण काय टिपता, हे आधी पाहावे, असे मला वाटते. नान्नजच्या माळरानावर काळवीट किंवा हिप्परगा तलावावर पक्षी टिपणाऱ्याने निःसंशय सलोनकडे वळावे. त्याची बहुतेक चित्रे आडवी असतात, निसर्ग विभागात माणसाच्या खुणा चालत नसल्याने त्याला स्थानिक संदर्भही द्यावा लागत नाही, आणि काळवीट जगात कोणत्याही परीक्षकाला कळते. यंत्रमागावरील चादरीचे काम टिपणारा दोन्हीकडे खपेल. पण ज्याचा जीव गड्ड्यात, रथात आणि लेझीममध्ये आहे, त्याने निदान पहिली दोन वर्षे प्रवेशशुल्काचे पैसे छपाईसाठी राखून पाहावेत. मुंबईच्या जहांगीर कलादालनाचे स्वप्न नंतर पाहता येईल. सुरुवात गावातच करावी.

वेळ निवडताना मी यात्रेनंतरचा नव्हे, तर यात्रेआधीचा पंधरवडा सुचवेन. त्या दिवसांत नंदीध्वजांचा सराव सुरू असतो, गावात विषय तापलेला असतो आणि ज्यांची चित्रे आपण गेल्या वर्षी टिपली ते सरावाहून परतताना स्वतः पाहायला येतात. मात्र हिवाळ्यात सभागृहांना मागणी असते, म्हणून जागेची चौकशी दिवाळीपूर्वीच करावी आणि लॅबमध्ये आधी एकच प्रत छापून घेऊन पांढऱ्या बाराबंदीला निळसर झाक तर येत नाही ना, हे दिवसाच्या उजेडात तपासून मगच बाकीच्या प्रती छापायला द्याव्यात.