‘फाइल तुमच्या फोनबाहेर जात नाही’ म्हणणाऱ्या साइटपायी माझे १८,४०८ रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ओटीपी कुणाला द्यायचा नाही, वीज तोडण्याचा मेसेज आला तर लिंक दाबायची नाही, हे घरात सगळ्यांना मीच शिकवलंय. आणि हे झालं ते मी काळजी घ्यायला गेलो म्हणून झालं, याचाच जास्त संताप येतो.

मुलीचा बँक भरतीचा फॉर्म होता, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, अंगठा, हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबी. फोनने काढलेला एकेक फोटो चार-चार एमबीचा. चौकातल्या सायबर कॅफेत पाच मिनिटांत काम झालं असतं. पण मागे तिथल्या कॉम्प्युटरवर कुणाकुणाची आधार कार्डं, पोरीबाळींचे फोटो तसेच पडलेले मी बघितले होते. आपल्या पोरीचे कागद तिथे नकोत, म्हणून घरीच बसलो.

फोटो बारीक करणारी, म्हणजे केबी कमी करून देणारी साइट शोधली आणि सगळ्यात वर आलेली लिंक दाबली. ती जाहिरात होती, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तेवढं बघा. आत गेल्यावर मोठ्या अक्षरांत: ‘तुमच्या फाइल्स तुमच्याच ब्राउझरमध्ये राहतात, आमच्याकडे येत नाहीत.’ शेजारी कुलपाचं चिन्ह. कुलूप म्हणजे मधली वाट बंदिस्त, एवढंच. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. होतंच आहे तर आधार, पॅन, नॉन-क्रीमी लेअर आणि पासबुकचं पहिलं पानही बारीक करून ठेवू, म्हणून एकूण आठ फाइल्स टाकल्या.

आणि इथे मला कळायला हवं होतं. स्क्रीनवर निळा पट्टा आला, ‘अपलोडिंग ३८%’. तिथेच अडकला. आमच्या घरात रेंज कमी. मी मुलीला म्हणालो, ‘खिडकीपाशी धर गं, नेट स्लो आहे.’ तिने ग्रिलमधून हात बाहेर काढून फोन धरला, पट्टा सरकायला लागला, ६१, ८४, १००. फोटो फोनमध्येच बारीक होणार असेल तर रेंज कशाला लागते? बाहेर काही जात नाही म्हणता तर अपलोड काय होतंय? रोज रात्री तो पट्टा डोळ्यांसमोर येतो. पोरीची सही मी स्वतः खिडकीतून चोरांच्या हातात दिली.

मग डाउनलोडला ४९ रुपये मागितले. रात्रीचे साडेदहा वाजले होते, दिले. ते साधं पेमेंट नव्हतं, ऑटोपेची, म्हणजे पुढेही खात्यातून आपोआप पैसे कापायची मंजुरी होती. आठव्या दिवशी १,४९९ गेले. यूपीआयच्या पानावर ‘मँडेट’ किंवा ‘ऑटोपे’ शब्द दिसला तर पिन टाकूच नका, आणि आत्ता अ‍ॅप उघडून ऑटोपेची यादी बघा.

त्यानंतर फोन आला. ‘काका, तुमच्या मुलीचा अर्ज सहीमुळे बाद होतोय.’ मी फसवणूक समजून कापणारच होतो, तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तिची सही, तिचा फोटो, नॉन-क्रीमी लेअरचा दाखला आला. हे कागद भरतीवाल्यांशिवाय कुणाकडे असणार? तुम्ही काय केलं असतं? दुरुस्ती शुल्क दोन हजार अधिक १८ टक्के जीएसटी, २,३६०. मग पडताळणीची अनामत १४,५००, तीन दिवसांत परत. लेकीचं वर्ष वाया जाईल या धास्तीने मी दोन्ही भरले.

बँकेत गेलो तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, १,४९९ कापायच्या आदल्या दिवशी मेसेजही गेलाय. गेला असेल, दिवसाला वीस मेसेज तुमचेच येतात, त्यात तो कुठे शोधायचा? पोलीस ठाण्यात दोन तास बाकड्यावर बसवून सांगितलं, सायबरचं इथे होत नाही, जिल्ह्याला जा. रजा टाकून गेलो. तिथे विचारलं, साइटचा पत्ता द्या. दिला. उघडेना, बंद झालेली. ‘मग कागद तिथूनच गेले कशावरून?’ तेही मीच सिद्ध करायचं का? एकाने तर रक्कम बघून ‘एवढ्याशासाठी कशाला’ म्हटलं. एवढ्याशासाठी? अहो, माझा महिन्याचा पगार २१,००० आहे! अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. चार चकरा झाल्या. वरून सल्ला, ‘मुलीचं नाव पुढे करू नका.’ तिने काय गुन्हा केलाय?

पैसे गेले की पहिला फोन १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला करा, ठाण्याची पायरी नंतर. चोरांनी पुढे वळवायच्या आत रक्कम गोठवली तरच काही हाताला लागतं. मी ते चार दिवस चकरांमध्ये घालवले.

फोटो खरोखर ब्राउझरमध्येच बारीक होऊ शकतो, हे तर आणखी चीड आणणारं आहे. गूगल क्रोमच्या टीमने २०१८ मध्ये काढलेली ‘स्क्वूश’ (squoosh.app) ही साइट तेच करते, फुकट. पत्ता हाताने टाइप करा, जाहिरातीतून जाऊ नका. कुठल्याही साइटची परीक्षा घ्यायची तर पान उघडा, मग फ्लाइट मोड लावा, मग एखादा झाडाबिडाचा फोटो टाका. नेट नसताना बारीक झाला तर काम फोनमध्येच होतंय. खरे कागद टाकतानाही तसंच करा, आणि नेट सुरू करायच्या आधी तो टॅब बंद करा. कॉम्प्युटर असेल तर विंडोजच्या पेंटमध्ये ‘रिसाइझ’ करून जेपीजी सेव्ह करा, साइटच नको.

आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. संचार साथी या सरकारी साइटवर मुलीच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. तिचा क्रेडिट रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो. अजून तरी कर्ज निघालेलं नाही. पासवर्ड बदलता येतो, पॅन आणि जन्मतारीख कुठून बदलू?

परवा तेच शब्द टाकून शोधलं. सगळ्यात वर जाहिरात, नाव वेगळं. आत तीच मोठी अक्षरं, तेच कुलूप. झाडाचा फोटो टाकला, आणि तोच निळा पट्टा सरकायला लागला.