जोरदार वाऱ्यासाठी विंडसर्फिंगचे साहित्य: जुन्या बोर्डावर लहान शीड, की बोर्डच लहान?

जुलैमध्ये बेळगावात छत्री धरून चालणे अवघड होते, तेव्हा वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापनानुसार वारा साधारण सहा क्रमांकाचा असतो, म्हणजे 22 ते 27 नॉट किंवा ताशी 40 ते 50 किलोमीटर. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर उन्हाळी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात जो विंडसर्फिंग शिकला, त्याच्याकडे बहुधा 120 लिटर आकारमानाच्या आसपासचा फ्रीराइड (म्हणजे साध्या सफरीसाठीचा) बोर्ड आणि साडेसहा चौरस मीटरचे शीड असते. सहा क्रमांकाच्या वाऱ्यात ही जोडी आवरत नाही. मग त्याच बोर्डावर लहान शीड चढवावे, की नव्वद-पंचाण्णव लिटरचा फ्रीस्टाइल-वेव्ह (म्हणजे कसरती व लाटांसाठीचा) बोर्ड घ्यावा, हे ठरवावे लागते. पुढील तुलना 75 किलो वजनाच्या, हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा कमरेचा पट्टा) आणि फूटस्ट्रॅप (बोर्डावर पाय अडकवायचे पट्टे) वापरता येणाऱ्या व्यक्तीसाठी आहे.

शिडाबाबत दोन्ही पर्यायांत फारसा फरक नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 15 नॉटचा वारा 30 नॉट झाला की तेवढ्याच शिडावरचा जोर चौपट होतो. मात्र शीड चौथ्या हिश्शाचे करावे लागत नाही, कारण डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ताणणारा दोर, घट्ट ओढला की शिडाचा फुगवटा कमी होतो, वरची मागची कड सैल पडते आणि झोत आला असता जादा वारा तिथूनच निसटून जातो. व्यवहारात 15 नॉटला साडेसहा, 20 ला सव्वापाच, 25 ला साडेचार आणि 30 ला चार चौरस मीटर हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. हे आकडे समुद्रकिनाऱ्याचे आहेत. हिडकल किंवा नवीलतीर्थ धरणाचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर असल्याने तिथे हवा अंदाजे सहा टक्के विरळ असते, आणि समुद्रावर पाचचे शीड लागते त्याच वाऱ्यात इकडे 5.3 चालते. दोन मापांच्या मध्ये अडकलेल्याने म्हणूनच धरणासाठी मोठे माप उचलावे.

खरा फरक बोर्डात आहे. 120 लिटरचा बोर्ड सुमारे 75 सेंटिमीटर रुंद असतो. वाऱ्याचा जोर वाढून लाटा आखूड व खडबडीत झाल्या की तो त्यांवरून आपटत जातो, पुढच्या भागाखाली वारा शिरून उचलला जातो आणि वळवताना कड पाण्यात बसत नाही. साठ सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंदी असलेला लहान बोर्ड त्याच पाण्यात शांत राहतो. वारा सलग असेल, तर 22 नॉटच्या पुढे लहान बोर्डाला तोड नाही, आणि ज्याने तो एकदा वापरला तो मोठ्याकडे नाखुशीनेच परततो.

पण वारा सलग असतोच असे नाही. 75 किलोचा माणूस, सात किलोचा बोर्ड, आठ किलोचे शीड, मास्ट (शिडाची उभी काठी) व बूम (हातात धरायची आडवी दांडी) आणि भिजलेले जाकीट व हार्नेस मिळून चार किलो धरले, तर एकूण भार 94 किलो होतो. 92 लिटरचा बोर्ड खाऱ्या पाण्यात जेमतेम एवढाच भार पेलतो. धरणाच्या गोड्या पाण्यात मात्र 92 किलोच पेलतो, म्हणजे वारा पडताक्षणी पायाखालून बुडू लागतो. त्यावर उभे राहून दोरीने शीड वर ओढता येत नाही, पाण्यात पडून वाऱ्यानेच स्वतःला उचलून घ्यावे लागते, ज्याला वॉटरस्टार्ट म्हणतात. तो पक्का येत नसेल, तर लहान बोर्डाचा विचार तूर्त सोडून द्यावा.

आमच्या भागात हा मुद्दा निर्णायक ठरतो. गोव्यात उन्हाळी दुपारचा वारा सहसा इतका चढत नाही, आणि पावसाळ्यात चढतो तेव्हा समुद्रात उतरायचे नसते. राकसकोपचे पाणी शहराला पिण्यासाठी जाते, त्यामुळे त्याचा विचारच नको. उरते हिडकल, तेही पाटबंधारे खात्याची रीतसर परवानगी मिळाली तरच. तिथे टेकड्या ओलांडून येणारा पावसाळी वारा झोताझोताने येतो: आता 28 नॉट, तर थोड्या वेळाने 12. दुसरे असे की घटप्रभा पूर्वेकडे वाहते आणि बांध खालच्या टोकाला आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा अडकलेल्या माणसाला बांधाकडेच ढकलतो. वारा पडल्यावर ज्यावर उभे राहून परत येता येते, तो बोर्ड अशा ठिकाणी जवळ असलेला बरा.

म्हणून धरणापुरता विचार असेल, तर मी जुना बोर्ड ठेवून 4.7 आणि 5.3 ही दोन शिडे घ्यायला सांगेन, आणि त्यांच्याबरोबर फिन, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाखालचे पाते. फिनकडे हमखास दुर्लक्ष होते. मी स्वतः पहिल्यांदा लहान शिडाखाली 44 सेंटिमीटरची जुनीच फिन ठेवली होती, आणि बोर्ड वेग धरताच मागून उचलून कलंडायचा. दोष मी दिवसभर शिडाला देत राहिलो. 4.7 च्या शिडाला त्याच बोर्डावर 30 ते 34 सेंटिमीटरची फिन पुरते. जूनमध्ये हिडकलचे पाणी खाली गेलेले असते, हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिरही उघडे पडते, तेव्हा आखूड फिन दगडाला घासण्याची भीतीही कमी.

लहान शिडाचा छुपा खर्च मास्टचा आहे. साडेसहाच्या शिडाला बहुधा 460 किंवा 430 सेंटिमीटरचा मास्ट असतो, 4.7 ला 400 चा लागतो, आणि लांब मास्ट कसाबसा बसवला तर शिडाचा आकारच बिघडतो. नवा मास्ट घेताना बारीक व्यासाचा घ्यावा. तो कणखर असतो आणि लहान शिडांना चांगला जुळतो. बूमही 140 ते 190 सेंटिमीटरच्या मापाचा लागेल. हा सारा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच असल्याने आधी तो करावा आणि बोर्ड नंतर पाहावा.

ज्याला एप्रिल ते सप्टेंबरमध्ये रामेश्वरम किंवा तुतिकोरीनला जाऊन नैर्ऋत्येचा सलग वारा गाठणे जमते, त्याचा हिशेब वेगळा. त्याने फिरवाफिरवी न करता 92 ते 95 लिटरचा बोर्ड घ्यावा. वर्षातून दोन फेऱ्या रामेश्वरमच्या आणि बाकीचे दिवस हिडकलचे, असे ज्याचे गणित आहे, त्याच्यासाठी 100 ते 105 लिटरचा बोर्ड हा मधला मार्ग आहे. तो गोड्या पाण्यात सहा ते अकरा किलो राखून ठेवतो, म्हणजे गुडघाभर पाण्यात उभे राहिल्यासारखे डळमळत का होईना, वारा पडला तरी बांधापासून दूर राहता येते.