आरओचं (पाणी शुद्ध करायच्या मशीनचं) मेंब्रेन बदलणारे भाऊ, सुदामा नगर, इंदूर

आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 900 च्या वर, आरओचं पाणी पण खारट लागायला लागलं होतं आणि आधीचा मेकॅनिक दरवेळी नुसती कॅण्डल (गाळ अडवणारा फिल्टर) बदलून पैसे घेऊन जायचा. यावेळी आईने गल्लीतल्या दुकानातून भाऊंना बोलावलं. त्यांनी आधी मीटरने दोन्ही पाणी मोजलं मग जुनं मेंब्रेन कापून दाखवलं आणि सांगितलं की गुंडाळलेल्या शीटवर पॉलिअमाइडचा थर असतो, केसापेक्षा शेकडो पट पातळ, क्षार अडवतो तो तोच, आणि क्लोरीनने तो खराब होतो म्हणून आधी कार्बन फिल्टर लागतोच. इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं! आता टीडीएस 70, चहाची चवच बदलली. यायला मात्र दोन दिवस लावले.