टेली-मानस (१४४१६): निकालाआधी, डिस्चार्जआधी

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन फुकट आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. लोक फोन लावतात ते अगदी गळ्याशी आल्यावर. खरा उपयोग मात्र घरच्यांनी आठ-पंधरा दिवस आधी फोन केला तर होतो.

जड जाणाऱ्या बऱ्याच तारखा आधीच माहीत असतात: बारावीचा निकाल, घटस्फोटाच्या केसची तारीख, सोसायटीच्या कर्जाची मुदत, जवळच्या माणसाचं वर्षश्राद्ध. पुरात ऊस बुडालेल्या घरात पाणी ओसरल्यावरचे दिवसही त्यातलेच. एकट्या निकालानं सहसा कोणी जीव देत नाही. आधीचा प्रयत्न, दारू, नैराश्य असेल तिथं जास्त जपायचं.

सगळ्यांत दुर्लक्षित तारीख डिस्चार्जची. मानसोपचार वॉर्डातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे फार धोक्याचे, आणि घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो की खासगी दवाखाना, निघण्याआधीच आठवड्याच्या आतली ओपीडीची तारीख घ्या, सोबत कोण जाणार ते ठरवा. गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात, आठवड्यापुरत्याच. शेतीची औषधं कुलपात, किल्ली भलत्याच जागी.

फोनवर नेमकं सांगा: तारीख कसली, आधी प्रयत्न झालाय का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, रात्री सोबतीला कोण असतं. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं समुपदेशकानं सरळ विचारलं तर दचकू नका. विचारल्यानं डोक्यात भलतं भरत नाही. घरीही असंच विचारावं. मग समुपदेशकाच्या मदतीनं एक कागद करा: सुरुवातीच्या खुणा, एकट्यानं मन दुसरीकडे वळवायचे उपाय, कोणाकडे जाऊन बसायचं, कोणाला सांगायचं, डॉक्टरांचा नंबर, घरातून काय हलवायचं. खुणा त्या माणसाच्याच शब्दांत हव्यात. 'उदास वाटणे' लिहिलेला कागद बिनकामाचा. 'तालमीला जात नाही, भाकरी अर्धी टाकतो, मित्राचा फोन कट करतो' हे घरच्यांना दिसतं.

तारीख लक्षात ठेवायचं काम हेल्पलाइनवर सोडू नका. घरातल्या एकानं मोबाइलमध्ये अलार्म लावावा, पुढच्या दोन-तीन दिवसांचाही.

आणि ही अॅम्ब्युलन्स नव्हे. धोका समोर दिसत असेल तर १०८ किंवा ११२, आणि गाडी येईपर्यंत माणसाजवळून हलायचं नाही. पोलिस केसच्या धास्तीनं दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५, उलट सिद्ध होत नाही तोवर, प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं.