कां दा ल सू ण: वेबसाइट बिल्डर वापरून वर्ष होत आलं

नूतनीकरणाचा मेल आला म्हणून लिहायला बसले. तयार साच्यांवर वेबसाइट उभी करून देणाऱ्या या बिल्डरनं पहिल्या वर्षी सवलतीत दिलेला प्लॅन आता दुपटीहून महाग झालाय. फुकट म्हणून गळ्यात बांधलेलं डोमेनही (साइटचं नाव-पत्ता) आता विकत घ्यायचं, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचं तिकीट अजून उघडं आहे आणि हा आजार काही एकट्या तिचा नाही. ड्रॅग-ड्रॉप, टेम्प्लेट (तयार साचा), एसएसएल (साइटची सुरक्षा) हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यावर वेळ घालवत नाही.

आमचं कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत मसाल्याचं दुकान. कांदा-लसूण चटणी, काळं तिखट, हळद. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट वेबसाइट मिळायची, तीवर आमचं बरं चाललं होतं. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या साइट सगळ्यांच्याच बंद केल्या, आणि तेही ऐन चटणीच्या मोसमात. मिरची कुटायच्या डंकावर रांगा लागलेल्या, पुण्या-मुंबईचे फोन चालू, अशात हा बिल्डर घेतला आणि एका रात्रीत दुकान उभं केलं. तेवढ्या वेगाला मी आजही पैकीच्या पैकी गुण देईन.

सकाळी सासूबाईंना मोबाइलवर दाखवलं. चष्मा वर-खाली करून म्हणाल्या, "बोर्ड कुणी रंगवला गं ह्यो? अक्षरं दात पडल्यागत दिसत्यात."

खरंच दिसत होती. टेम्प्लेट इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेलं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत थोडं अंतर सोडलं की शीर्षक ऐटदार दिसतं, म्हणून डिझायनरनं प्रत्येक शीर्षकाला, मेनूला, बटणाला लेटर-स्पेसिंग लावून ठेवलंय. आपल्याकडे त्या अंतरानं शिरोरेषाच तुटते. दुकानाच्या नावाखाली ठळक अक्षरांत "कां दा ल सू ण च ट णी". बटणावर "मा ग वा". खालचा परिच्छेद मात्र ठीक, कारण तिथं अंतर शून्य.

चॅटवर विचारलं. आधी बॉट, मग माणूस. उत्तर आलं, आमच्याकडे देवनागरी चालतं. चालतं म्हणजे चौकोनी डबे दिसत नाहीत, एवढंच. फोटो पाठवला, तुटलेल्या रेषेवर लाल गोल करून. मग कळलं की एका ओळीचं सीएसएस (साइटचं रूप ठरवणारा कोड) टाकलं की काम होतं, पण सीएसएस टाकायची सोय वरच्या प्लॅनमध्ये. म्हणजे शिरोरेषा जोडून हवी तर दर महिन्याला वेगळे पैसे. चटणीच्या पाकिटावर दोन रुपये वाढवायचे तर आम्ही आठवडाभर विचार करतो, आणि इथं "ट" ला "णी" चिकटवायचे पैसे!

नाही भरले. गावात हातानं बोर्ड रंगवणारे पेंटर अजून आहेत. त्यांच्याकडून पांढऱ्या कार्डावर नाव लिहून घेतलं, फोटो काढला आणि शीर्षकाच्या जागी चित्र म्हणून टाकला. काय देखणं दिसलं म्हणून सांगू. "ल" असा पाकळीचा, मराठी वळणाचा. (टेम्प्लेटमधल्या फॉन्टात "ल" आणि "श" हिंदी वळणाचे येत होते. राज्य शासनाच्या वर्णमालेतही मराठी वळणच प्रमाण आहे, पण हे परदेशी कंपनीला कोण सांगणार? फॉन्टच्या यादीत मराठी वळणाचा एक सापडला, तो लावलाय.) चित्र टाकणार असाल तर ऑल्ट टेक्स्ट (चित्रामागचं लेखी वर्णन) भरायला विसरू नका. गुगलला चित्रातलं नाव सहजी वाचता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही नाही.

इथवरचा मजकूर मी पावसाळ्याआधी लिहिला असता तर एक तारा देऊन मोकळी झाले असते.

जुलैत पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा आमच्या कुरिअरवाल्यानं हात वर केले. तेव्हा ॲपमधलं "दुकान थांबवा" हे बटण पहिल्यांदा वापरलं. एका टिचकीत पैसे घेणं बंद, वस्तू दिसत राहतात, वर पट्टी येते. २०२१ साली हेच सगळं व्हॉट्सॲपवर सांभाळलं होतं. पैसे आलेत, माल जात नाही, आणि परत कुणाकुणाला करायचे याची वही. यंदा वही काढावीच लागली नाही. पाणी उतरल्यावर बटण परत दाबलं आणि ज्यांनी "आल्यावर कळवा" वर नंबर दिला होता त्यांना आपोआप निरोप गेले. एवढ्या एका गोष्टीवर मी दोन तारे वाढवले. (पट्टीवर "पु रा मु ळे बं द" असं दिसत होतं, ते सोडा.)

दिवाळीत भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. त्यानं स्टाइलच्या आत तिसऱ्या पडद्यावर शीर्षकाच्या अंतराची सरकपट्टी शोधून दिली. शून्यावर आणली, शीर्षकं जोडली गेली. चॅटवरच्या एकाही माणसानं ती सांगितली नव्हती; वरचा प्लॅन मात्र प्रत्येकानं सांगितला. बटणाला आणि मेनूला अशी पट्टी नाही. बटणावर मी आता "घ्या" लिहिलंय. एकच अक्षर, तुटायला जागाच नाही. मेनूसाठी असं काही सुचलं तर कळवा.

बिलाचं दुखणं वेगळंच. ऑर्डरची पीडीएफ निघते तीत पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. "मिरची"चं "मरिची" होतं. पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवून विचारलं, ही कुठली नवी जात? ब्याडगी, संकेश्वरी माहीत आहे म्हणाल्या. बिलापुरती नावं इंग्रजी अक्षरांत ठेवलीत, दुसरा इलाज नाही. पानांचे पत्तेही इंग्रजीतच ठेवा. मराठीत ठेवले तर व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या खुणांची हातभर लांब शेपटी येते आणि लोक फसवणूक समजून लिंक दाबत नाहीत.

बाकी पेमेंट गेटवे जोडायला त्रास नाही, बहुतेक लोक यूपीआयनंच देतात. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी नंबर तळाला नीट बसतो. साइट बंद पडलेली मला तरी दिसली नाही. पिनकोडच्या जागी "झिप" लिहिलेलं येतं, ते बदलता येतं.

आता नूतनीकरण. मोसम तोंडावर आहे, मिरच्या वाळत पडल्यात, अशा वेळी दुकान हलवणं परवडत नाही, म्हणून एका वर्षाचे भरले. तीन वर्षांची सवलत दिसायला मोठी आहे, पण सगळे पैसे आज द्यायचे आणि बटण तुटकंच घ्यायचं, हे जमणार नाही. डोमेन मात्र वेगळीकडे हलवतेय, तिथं वर्षाला स्वस्त पडतं आणि उद्या बिल्डर बदलला तरी नाव आपल्याकडे राहतं. अख्खी साइट इथून उचलून नेता येत नाही. वस्तूंची यादी तेवढी सीएसव्ही म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत उतरते, ती आत्ताच उतरवून ठेवा. एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीचा कचरा दिसला तर घाबरून जाऊ नका, फाइल चांगली असते, गुगल शीट्समध्ये उघडा.