ॲडव्हेंट ऑफ कोड: कोड नीट लिहायला लावणारी कोडी

एरिक वास्टल 2015 पासून दर डिसेंबरला चालवतात ती ही प्रोग्रॅम लिहून सोडवायची फुकट कोडी. आपल्याकडे नवं कोडं सकाळी 10:30 ला उघडतं, म्हणजे नांदेड-लातूरच्या पोरांना जागरण नाही. पान निव्वळ मजकुराचं, हलकं. इनपुट, म्हणजे कोड्यासोबत मिळणारी माहितीची फाईल, एकदा उतरवलं की लाईट-नेट गेलं तरी लॅपटॉपवर काम चालू राहतं. उत्तर टाकायलाच काय ते नेट लागतं.

प्रत्येक कोड्याचे दोन भाग, आणि खरी गंमत दुसऱ्या भागात. पहिला भाग सुटल्यावरच तो उघडतो आणि नियम बदलतो. सगळं एकाच फंक्शनमध्ये कोंबलं असेल तर मग बसा उसवत. इनपुट वाचणं वेगळं, सोडवणं वेगळं, एवढं तरी पाळाच. आणि शेवटची रिकामी ओळ आधी काढा, नाहीतर मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट तिथंच आपटतं.

2023 चं पहिलंच कोडं घ्या. ओळीतला पहिला आणि शेवटचा अंक हवा, पण अंक इंग्रजी शब्दांतही लिहिलेले. ‘eightwothree’ या ओळीत ‘एट’ आणि ‘टू’ एकच ‘टी’ वाटून घेतात. आधी ‘टू’च्या जागी 2 टाकला की ‘एट’ मोडतो, आणि 83 ऐवजी 23 येतं. म्हणून रिप्लेस नकोच. प्रत्येक जागेपासून कोणता शब्द सुरू होतो ते बघा. कोड तीन-चार ओळींचा, वाचायलाही सोपा.

उणीव एकच: कोड घाण असला तरी भाग सुटल्याचा स्टार मिळतोच, इथं फक्त उत्तर तपासतात. 2025 पासून कोडी 25 वरून 12 वर आली, कॉलेजच्या परीक्षांच्या दिवसांत तेच बरं. इनपुट मात्र गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दाखवायच्या साईटवर, टाकू नका, तशी वास्टल यांची विनंती आहे.