मोरोविंड, ऑब्लिव्हियन की स्कायरिम : आज सुरुवात कुठून करावी?

जुने ओपन-वर्ल्ड फँटसी आरपीजी (पात्र घडवून खेळायचे रोल-प्लेइंग गेम) आज खेळावेत की नाही, हे ग्राफिक्सवरून ठरवू नका. जुनाट चेहऱ्यांची सवय तासाभरात होते. नडतात ते जुने नियम. बहुतेक जण गेम अर्धवट सोडतात ते नियम कळले नाहीत म्हणून. बेथेस्डाच्या एल्डर स्क्रोल्स मालिकेतले मोरोविंड (2002), ऑब्लिव्हियन (2006) आणि स्कायरिम (2011) शेजारी शेजारी ठेवले की हे लगेच लक्षात येतं. तिन्हींच्या कथा स्वतंत्र आहेत, त्यामुळे क्रमाने खेळायचं बंधन नाही.

मोरोविंडमध्ये नवखा खेळाडू पहिल्याच लढाईत वैतागतो. तलवार समोरच्या उंदराच्या अंगातून जाताना दिसते, पण लागत नाही. हा बिघाड नाही. प्रत्येक वाराला आत फासे पडत असतात. हिशोब असा: शस्त्राचं स्किल, अधिक अ‍ॅजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा हिस्सा, अधिक लकचा दहावा हिस्सा. या बेरजेला दमछाकीने गुणायचं. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर 1.25 ने, रिकामी असेल तर 0.75 ने. मग त्यातून शत्रूचा बचाव वजा होतो. अ‍ॅजिलिटी 40, लक 40 आणि लाँग ब्लेड (लांब तलवारीचं स्किल) 5 असलेल्या पात्राने लांब तलवार उचलली, तर बेरीज भरते 17. शत्रूचा बचाव सोडला तर ताजंतवानं असताना वार लागायची शक्यता 21 टक्के, धावत येऊन दमल्यावर जेमतेम 13. तेच रेडगार्ड हा वंश निवडून कॉम्बॅट (लढाईचं) स्पेशलायझेशन घेतलं आणि लाँग ब्लेड मेजर (मुख्य) स्किलमध्ये टाकलं, तर स्किल 50 पासून सुरू होतं आणि शक्यता 77 टक्क्यांवर जाते. म्हणजे पात्र बनवतानाच एक शस्त्र ठरवा, तेच वापरा आणि शत्रू दिसल्यावर धावत जाऊ नका. एवढं पाळलं की या गेमबद्दलची निम्मी तक्रार मिटते.

उरलेली निम्मी तक्रार वाटेची असते. इथे कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही. लोक तोंडी रस्ता सांगतात, तो जर्नलमध्ये उतरतो आणि पाट्या, पूल, टेकड्या बघत तुम्ही जागा शोधता. मुख्य कथेत लवकरच आर्कंगथँड नावाच्या अवशेषात जावं लागतं. त्याचं दार ढकलून उघडत नाही. जवळच्या पाइपवरची मूठ फिरवावी लागते, आणि आत जी पेटी शोधायची ती फळीवर ठेवलेली लहानशी चौकोनी वस्तू आहे. हे कुणी ओरडून सांगत नाही. प्रवासासाठी सिल्ट स्ट्रायडर (प्रवासी वाहणारे महाकाय किडे), होड्या, मेजेस गिल्डचं (जादूगारांच्या संघाचं) टेलिपोर्ट आणि मार्क-रिकॉलसारखे मंत्र, बस. पण त्यामुळेच बालमोरा ते व्हिवेक या शहरांमधला रस्ता तोंडपाठ होतो. एवढा पाठ झालेला मुलूख पुढच्या दोन्ही गेममध्ये मिळत नाही, आणि माझ्या मते तिघांत मोरोविंड सरस ठरतो तो इथेच.

तो चालवायला ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉपही पुरतो. मूळ इंजिनच्या भानगडीत पडू नका. गेम विकत घ्या, इन्स्टॉल करा, मग ओपनएमडब्ल्यू हे मोफत इंजिन टाका. त्याचा विझार्ड मूळ गेमच्या फाइल्स कुठे आहेत ते विचारतो, तो फोल्डर दाखवला की काम झालं. एक गफलत मात्र सर्रास होते: जुन्या मार्गदर्शकांत मोरोविंड कोड पॅच आणि एमजीई एक्सई टाकायला सांगितलेलं असतं. ते दोन्ही मूळ इंजिनसाठी आहेत, ओपनएमडब्ल्यूबरोबर त्यांचा उपयोग नाही.

ऑब्लिव्हियनमध्ये बाण आहे, कुठूनही फास्ट ट्रॅव्हल आहे, वार दिसतो तसा लागतो. खोट आहे ती लेव्हलच्या रचनेत. तुम्ही वाढलात की सगळं जग वाढतं. पुढे साधे वाटमारेसुद्धा महागडं ग्लासचं चिलखत घालून फिरतात. मूळ आवृत्तीत मेजर स्किल्स मिळून 10 ने वाढली की लेव्हल चढते. अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स मेजरमध्ये असेल तर नुसत्या धावण्या-उड्यांनीही तुम्ही लेव्हल चढता, अंगात मात्र बळ येत नाही. ती दोन्ही मेजरमधून वगळा आणि दर लेव्हलला एन्ड्युरन्स (सहनशक्ती) वाढवा, कारण प्रत्येक लेव्हलला मिळणारं हेल्थ त्यावर ठरतं आणि मागचं भरून निघत नाही. राक्षसांनी उद्ध्वस्त केलेल्या क्वाच शहराची मोहीम लवकर उरका. लेव्हल वाढवून गेलात तर राक्षसांच्या जगाच्या दारातून दांडगे राक्षस निघतात आणि सोबतचे शिपाई पटापट मरतात.

एप्रिल 2025 मध्ये आलेल्या रीमास्टर्ड या नव्या आवृत्तीने हे बरंच सुधारलं आहे. दर लेव्हलला 12 गुण मिळतात, ते तीन गुणविशेषांत वाटायचे. जग तुमच्याबरोबर वाढतं ते मात्र तसंच आहे. शिवाय सव्वाशे जीबी जागा, किमान 16 जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि उघड्या माळावर चांगला पीसीही अडखळतो. पीसी झेपणारा असेल तर रीमास्टर्डच घ्या; नसेल तर मूळ गेम घ्या, त्यात अनऑफिशियल पॅच (चाहत्यांनी केलेल्या दुरुस्त्या) आणि 4 जीबी पॅच (गेमला जास्त मेमरी वापरू देणारा) टाका आणि गेम प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरच्या बाहेर इन्स्टॉल करा. खेळायचा तो डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीच्या कामांसाठी. स्किनग्राड शहरातल्या बंद वाड्यातल्या पाच पाहुण्यांना एकेक करून संपवायची क्वेस्ट आजही फार कमी गेमना साधली आहे.

स्कायरिमबद्दल फार सांगायला नको. संध्याकाळी तासभरच मिळत असेल तर हाच घ्या. कुठेही थांबता येतं, काही लक्षात ठेवावं लागत नाही. 2016 ची स्पेशल एडिशन 64-बिट आहे, 2011 ची मूळ आवृत्ती मॉड्सचं (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांचं) ओझं वाढलं की क्रॅश होते. फ्रेमरेट 60 वर बांधा, नाहीतर फिजिक्स बिघडतं आणि टेबलावरची भांडी उडायला लागतात. स्कायुआय (मेनू सुधारणारा मॉड) टाकायचा तर आधी एसकेएसई (मॉड्सना लागणारं पूरक सॉफ्टवेअर) लागतं आणि त्याची आवृत्ती गेमच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. स्टीमने गेम अपडेट केला की हे जुळणं तुटतं, म्हणून अपडेट फक्त गेम सुरू करतानाच व्हावं अशी सेटिंग करा आणि गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरवरून उघडा.

तिन्ही खेळायचे ठरले असतील तर मोरोविंड आधी घ्या. बाणाची सवय लागल्यावर रस्ता वाचत जाणं जड वाटतं. आरपीजीच पहिल्यांदा खेळत असाल तर मात्र ऑब्लिव्हियनपासून सुरुवात करा. मोरोविंड आपल्याला जमतो का, हे पाहायला गेम जिथे सुरू होतो त्या सेडा नीनहून सिल्ट स्ट्रायडरने बालमोरा गाठा, फायटर्स गिल्डमध्ये (लढवय्यांच्या संघात) नाव घाला आणि उंदीर मारायचं पहिलं काम करा. वार लागत असतील आणि तरीही कंटाळा येत असेल, तर तो गेम तुमच्यासाठी नाही.